चौदा हूडी आणि एक खिसा

६ जानेवारी, सोमवार
कॉलेजच्या मुलींची कबड्डी टीम नागपूरला खेळायला चालली. चौदा लाल हूडींची ऑर्डर आपल्याला! रविवारी सकाळी सहाची बस, त्याआधी द्यायच्या. लाखनीत दुकान टाकल्यापासून एवढं मोठं काम पहिलंच. शिवणार माझी बायको डिंपल. डिझाइन डिपार्टमेंट माझं.
संकल्प : पुढचा खिसा कॉम्प्युटरवर डिझाइन करायचा. सॉफ्टवेअरचं ट्रायल डाउनलोड केलं.

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ११
स्क्रीनवर एक टकली बाई उभी असते. तिला अवतार म्हणतात. तिला हूडी घातली, खिसा लावला, बटण दाबलं. खिसा खाली पडला. शिवायचा राहिला होता.
दुपारी ४
शिवला. आता तो बाईच्या पोटात घुसला. लॅपटॉप जुना आहे.
डिंपल म्हणे, पेपर कापून पाच मिनिटांत करून देते. तिला टेक्नॉलॉजी समजावून सांगितली. तिने मधेच मशीन सुरू केली.

८ जानेवारी, बुधवार
जमलं! बाई गोल फिरवून पाहिली. मागून खिसा दिसत नाही, म्हणजे अगदी बरोबर. प्रिंट काढायला गेलो. खिसा बारा इंच रुंद, कागदावर मावेना. दुकानदाराला म्हटलं, एकाच पानात बसव. कागद वाचला.
डिंपल म्हणे, माप पाहू द्या. म्हटलं, कॉम्प्युटरने मोजलंय.

९ जानेवारी, गुरुवार
डिंपल आईला पाहायला दिघोरीला गेली. तेवढ्यात थर लावून चौदाही खिसे एकदम कापले. केवढा वेळ वाचला.
सायंकाळी ६
खिसा बारा नाही, आठ इंच भरतोय. प्रिंटच्या पानाएवढाच. एक हात जातो, दुसरा बाहेर राहतो. लाल कापड संपलं. नागपूरचा व्यापारी म्हणे, सोमवारी मिळेल.
डिंपल आली. टेप लावला. पुन्हा लावला. मग टेप गुंडाळून ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१० जानेवारी, शुक्रवार
सुचवलं, याला स्लिम फिट म्हणू.
डिंपल म्हणाली, "पोरी थंडीत हात कोठी घालतीन, तुमच्या लॅपटॉपात?"
कोच तृप्ती मॅडमचे दोन फोन आले. कामात होतो म्हणून उचलले नाहीत. तिसरा डिंपलने उचलला. "होऊन जाईन मॅडम," म्हणाली. फोन ठेवून ती उरलेल्या कापडांची पिशवी उपसायला बसली.

११ जानेवारी, शनिवार. दुपारी ३
बाह्यांच्या पट्टीचं काळं कापड थोडं उरलं होतं. डिंपल खिशाला तीन बाजूंनी पट्ट्या जोडून राहिली. मला धागे कापायला दिले. "बाकी कायलेच हात लावू नोका." नऊ हूडी झाल्या. लाइन गेली.
५ वाजता
अजून लाइन नाही. मोटर बंद, डिंपल पायानेच मशीन चालवतेय. अकरा. मला घाम. तिला नाही.

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ७
बसस्टँडवर चौदाही हूडी पोहोचल्या. पोरींनी तिथंच घातल्या, दोन्ही हात खिशात घातले आणि हसत उभ्या राहिल्या. तृप्ती मॅडमनी काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. "खिशाचं डिझाइन भारी आहे. कोणाचं?"
डिंपल डोळे चोळत होती. मी उत्तर घरूनच तयार करून आणलं होतं, सॉफ्टवेअरच्या नावासकट.
"हिचं," म्हणालो.
पुढच्या कामासाठी मॅडमनी डिंपलचा नंबर मागितला. तो मात्र मी न चुकता सांगितला.