लुर्दिनाला उत्तर

आरोंदा, ५ ऑगस्ट १९८४
मस्कतहून सुनेचं पत्र. लुर्दिना, नर्स, आमच्या खाडीपलीकडची, गोव्याची. रविकांतने तिकडेच लग्न केलं, मला नंतर कळवलं. मी रागावलेलो नाही. तिला देवनागरी येत नाही म्हणून पत्र इंग्लिशमध्ये. नाताळात माहेरी येणार. विचारलंय, 'मे वुई कम टू युवर हाउस?' उत्तर इंग्लिशमध्येच जाईल, आणि निर्दोष. बत्तीस वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवलंय. व्याकरण इथूनतिथून एकच.

९ ऑगस्ट
सावंतवाडीहून इंग्लिश व्याकरणाचं पुस्तक आणलं. पानं १४०. रोज पाच. सप्टेंबर लागताच पत्र पोस्टात.

२ सप्टेंबर
पान ११. दोष पुस्तकाचा. 'द' लावण्याचे नियम चार, अपवाद चाळीस. लुर्दिनाच्या पत्रात दोन चुका सापडल्या. लाल शाईने खुणा केल्या. बरं वाटलं.

२० सप्टेंबर
काशीबाई मासे घेऊन आली की तासभर बोलत बसते. अभ्यास बुडतो. तिला सांगितलं, पत्र लिहून होईपर्यंत हाक मारू नको. म्हणाली, "मास्तरानू, मराठीत लिवा. झील वाचून दाखयतलो." म्हणजे मुलाने तिला वाचून दाखवायचं! अडाणी सल्ला.

२१ सप्टेंबर
काशीबाई न थांबता गेली. पत्नी आनंदी वारल्यापासून घरात दुसरा आवाज तिचाच. धडा मोठ्याने वाचला. 'आय ॲम हॅपी' झालं. 'वुई आर हॅपी'पाशी घर फार मोठं वाटलं. परत 'आय'वर आलो.

१४ ऑक्टोबर, दुपार
मसुदा: 'आय हॅव रिसीव्ड युवर लेटर.' पण 'हॅव' म्हणजे नुकतंच. नुसतं 'रिसीव्ड' लिहावं तर इतके दिवस काय केलं, असा प्रश्न येतो. फाडला.

२ डिसेंबर
पान ५८. 'मे'चा धडा ६१वर. तो पक्का झाल्याशिवाय परवानगी कशी देणार? माडीवरची गादी मात्र उन्हात घातली.

२६ डिसेंबर
कोणी आलं नाही. सुट्टी मिळाली नसेल. बरंच झालं. 'मे' नीट होईल.

८ जानेवारी १९८५
आज काशीबाईने हाक मारली. मासे विकायला ती पलीकडेही जाते. रविकांत आणि लुर्दिना तिथे पंधरा दिवस होती. संध्याकाळी धक्क्यावर येऊन आरोंद्याकडे बघत उभी असायची. काशीबाईने त्याला म्हटलं, "जा रे, बापूस वाट बघता." तो म्हणाला, "बाबांनी येवा म्हणान लिवक नाय." काल दोघं विमानाने परत गेली. "माका वाटला, तुमका ठावक आसतला," काशीबाई म्हणाली.

होडीने पलीकडे गेलो. वीस मिनिटं लागली. लुर्दिनाच्या आईने चहा केला. तिची कोंकणी शब्द न् शब्द कळली. लुर्दिना रोज विचारायची म्हणे, "पप्पा रागार आसा?"

मी सांगितलं, राग कसला, इंग्लिश शिकत होतो, 'मे'चा धडा राहिला होता. मालवणीत सांगायला अर्धं मिनिट पुरलं.

 ती म्हणाली, "इतलेंच?"

मला हो म्हणता आलं नाही. होडीला अजून तासभर होता, तरी उठलो.