सोडलेल्या पाखरांचे पिंजरे

बाबूजी, आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून समुद्रफेन निवडत बसले. सुरतेहून आलेल्या पोत्यात निम्मा चुराच निघाला. तुम्ही असतात तर तोही फेकू दिला नसतात, "कोंबड्यावाले नेतील" म्हणाला असतात, आणि खरंच ते नेतात. अख्खी पांढरी पानं वेगळी काढायची, कडक पाठीला भोक पाडून तार ओवायची आणि मऊ बाजू पाखराच्या तोंडाशी येईल अशी पिंजऱ्याला बांधायची, हे मला कुणी शिकवलं नाही. उलटं बांधलं की आपला तो जुना पोपट पाठ फिरवून बसायचा, त्यावरून शिकले. सरळ बांधलं की चोच घासत बसे आणि सगळीकडे पीठ सांडे. तुम्ही म्हणायचात, "समुद्रातल्या जिवाचं हाड आहे, पण मेल्यावर किनाऱ्याला लागलेलं. कुणी मारलं नाही." दर नव्या पोत्याच्या वेळी म्हणायचात. मला नाही, स्वतःलाच सांगत होतात बहुतेक.

हे दुकान पाखरं सोडण्यातून उभं राहिलं, असं आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पर्युषणात तुम्ही अक्कलकुव्याच्या बाजारातून पाखरं विकत आणायचात, मुनिया, पोपट, जे असेल ते, आणि गच्चीवर नेऊन दार उघडायचात. पाखरं उडून जायची, पिंजरे उरायचे. ते माळ्यावर मावेनात, तेव्हा कुणी मागितले आणि तुम्ही दिलेत. ज्यांचे पंख कापलेले असत ती पाखरं मात्र नवी पिसं येईपर्यंत ठेवावी लागत. त्यांच्यासाठी पाण्याच्या वाट्या आल्या, झोके आले, बसायला बोरीच्या ओबडधोबड फांद्या आल्या, समुद्रफेन आलं. मग लोकही तेच मागू लागले. समाजातले काका उपाश्रयाच्या पायरीवर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वा शेठ, जीवदयाही तुमची आणि पिंजरेही तुमचेच!" तुम्ही हसून म्हणालात, "पाखरू तर विकत नाही ना." घरी आल्यावर मात्र जेवला नाहीत.

नवऱ्याने दुसरं घर केलं आणि मी परत आले, त्याच वर्षीची ही गोष्ट. तुम्ही मला एक शब्द विचारला नाहीत. माझी पेटी स्वतः उचलून आत ठेवलीत आणि म्हणालात, "थोडे दिवस राहा, मग बघू." किती बरं वाटलं होतं तेव्हा! थोड्या दिवसांनी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं की धुळ्याला नर्सिंग शिकवतात, राहायची सोय आहे, तुझ्यासारख्या मुलीला घेतील. मी रात्री ताट वाढताना तुमच्या कानावर घातलं. तुम्ही ऐकून घेतलंत. सकाळी दुकानात जाते तर सुतार शिडीवर चढलेला, छताला आकडे ठोकतोय. तुम्ही खालून त्याला जागा दाखवताय. मला पाहून तुमचा चेहरा असा खुलला, जसा लहानपणी मला नवा फ्रॉक आणलात की खुलायचा. "हा कोपरा तुझा," तुम्ही म्हणालात. "पिंजऱ्यांचं सगळं सामान तू बघ. तुझी गादी, तुझा गल्ला." मी विचारलं, "आणि धुळ्याचं?" तेव्हा तुम्ही आवाजही चढवला नाहीत. "इथे तुला काय कमी आहे?" एवढंच.

आत चुलीपाशी बाई, म्हणजे आई, पापड भाजत होती. मी तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. ती वळून न बघता म्हणाली, "किती जीव आहे बघ त्यांचा तुझ्यावर." त्या जिवापुढे काय बोलणार? तुम्ही हात उगारला असता तर बरं झालं असतं बाबूजी, मी पळून तरी गेले असते. पण कोपरा दिलात. आकड्यांना पिंजरे टांगले गेले, आणि त्यांच्याखाली मी मान थोडी वाकवून उभी राहायला शिकले. अजून तशीच उभी राहते. रस्त्यावरही मान सरळ होत नाही. समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या गुजरातच्या ट्रकांनी दिवसभर पिंजरे किणकिणतात, ऊन पत्र्यावरून उतरून माझ्या खांद्यावर बसतं, आणि शटर ओढलं की उद्या तेच.

परवा एक आजी नातवाला घेऊन आली. म्हणाली, "ओ माय, मी फराक घालू तवयपासीन तू आठेच बठेल शे! कंटाळा येत नही का वं?"

मी म्हटलं, "कंटाळा आला तरी जाऊ कुठं? तुझा मिठू उपाशी मरेल."

"मन्हा मिठू तर कधीच मरना," ती म्हणाली, "हाऊ दुसरा शे." आणि दोघी खूप हसलो. ती गेल्यावर मी किती वर्षं झाली ते बोटांवर मोजत बसले.

हे सगळं आजच का लिहितेय, तर तुमची नात. भावाची धाकटी. जालन्याला दिली होती, ती उन्हाळ्यात परत आली. तिचीही पेटी भावाने स्वतः उचलून आत ठेवली. पोरगी हुशार आहे, रक्त-लघवी तपासायचं शिकलेली आहे. नाशिकला एका लॅबमध्ये तिला बोलावलं होतं. जाऊ की नको, जाऊ की नको, असं तिचं चाललं होतं. रोज माझ्याजवळ येऊन बसायची. समुद्रफेनाला तार बांधताना तिचे हात माझ्यापेक्षा हलके चालायचे. कधी कधी आम्ही तासन्‌तास बोलायचो नाही, तरी दुकान भरल्यासारखं वाटायचं.

मागच्या रविवारी भाऊ मोजपट्टी घेऊन दुकानात आला. "ही समोरची भिंत काढतो," म्हणाला, "माशांच्या टाक्या लावून देतो तिला. रंगीत मासे हल्ली फार चालतात. तिचं ती बघेल, तुलाही सोबत. काय गं?" पोरीचा चेहरा खुलला. "भुआ, खरंच?" म्हणून माझ्याकडे बघायला लागली. भाऊ तुमच्यासारखाच हसत होता, अगदी तसाच, डोळ्यांत पाणी आणून. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

मी म्हटलं, "मला नको. माझ्या दुकानात जागा नाही."

भाऊ म्हणाला, "अगं, तिची ती—"

"आणि हिची सवय नाही मला. दिवसभर बडबड. माझं डोकं उठतं."

पोरगी तशीच उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भावजय ऐकू येईल असं म्हणाली, "एकटं राहून राहून माणूस कसं आटतं, बघा." तिसऱ्या दिवशी पोरीने नाशिकला फोन लावला.

आज सकाळी स्टँडवर मीही गेले होते. सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही पडली, पण वर बघितलं नाही. खिडकीतून आईला हात केला, बापाला केला. गाडी वळली तरी मी तिथेच उभी होते, मग दुकान उघडायला आले.

तिला हे कधी सांगणार नाही. सांगितलं तर परत येईल. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कुणाला सांगू शकत नाही.

जागा होती, बाबूजी. खूप जागा होती.