घर, फोल्कमारच्या हयातीपुरते

मी, हिल्ट्रूड वायडनकांप, वय अडुसष्ट, राहणार इझरलोन, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉ. रोसविटा हेलवेग यांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण ती शाबूत नव्हती असे पुढे म्हणणे कोणाला तरी सोयीचे वाटेल. अक्षर वेडेवाकडे आहे ते बोटांमुळे. पेन धरले आहे हे बोटांच्या टोकांना अजून कळत नाही. बघून बघून लिहावे लागते. असे का झाले ते खाली येईल.

माझे पती एकहार्ट वारल्यावर मी केलेले मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्यात माझे सर्व काही फोल्कमारला, म्हणजे एकहार्टच्या पहिल्या लग्नाच्या मुलाला, बिनशर्त दिले होते. "बिनशर्त" हा शब्द तेव्हा मला फार आवडला होता.

१. माझी प्रयोगशाळा, तिच्यातली यंत्रे, तिच्यावरच्या दोन खोल्या आणि तिचे नाव, हे सारे माझी सहकारी एमिने काराताश हिला द्यावे. घरात प्रवाळ पाळणारी माणसे आपल्या काचेच्या टाकीतले पाणी बोटाएवढ्या नळीत भरून आम्हाला टपालाने पाठवतात. आम्ही ते पाणी ज्वाळेहून तप्त अशा वायूत फवारतो. प्रत्येक मूलद्रव्य तिथे आपापला प्रकाश देते, आणि त्यावरून आम्ही लोकांना कळवतो की आयोडीन संपत आले आहे, स्ट्रॉन्शियम ठीक आहे, तांबे वाढले आहे, पंपाचा चुंबक गंजला असेल तो बघा. एवढ्याशा कामावर मी आयुष्य काढले आणि मला त्याचा कंटाळा आला नाही. प्रवाळाला ओरडता येत नाही, पळता येत नाही. पाण्यात जे येईल ते त्याला सोसावे लागते. एमिनेला हे मला कधी समजावून सांगावे लागले नाही. नाव बदलायचे असेल तर तिने खुशाल बदलावे. "वायडनकांप" टेलिफोनवर कोणालाच एका दमात लिहिता येत नाही.

२. दिवाणखान्यातली प्रवाळांची टाकी कोणालाही देता येत नाही, कारण तिच्यात काही उरलेले नाही. ती एकहार्टने बांधली होती. तो शाळेत भूगोल शिकवायचा. समुद्र त्याने सुट्टीतच काय तो पाहिला, आणि मग घरी आणला. तो गेल्यावर तिचे सगळे मीच करत होते. गेल्या शरद ऋतूत फांद्यांच्या प्रवाळांचे मांस बुडापासून सुटू लागले. खाली पांढरा सांगाडा दिसे. मी नेहमीच्या धातूंसाठी पाणी तपासले. सर्व ठीक. मीठ बदलले. दिवे बदलले. त्याच सुमारास माझे तळपाय पेटल्यासारखे दुखू लागले, चादरसुद्धा पायावर सोसेना, आणि कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. मी म्हटले, वय झाले.

एमिनेने मला न विचारता माझ्या टाकीचे पाणी घेतले आणि आम्ही सहसा जे शोधत नाही तेही शोधले. मग ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून उभी राहिली.

"बाई, तुम्ही चहा कुठल्या पाण्याचा करता?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा ना."

"गाळलेल्या. टाकीत घालते त्याच कॅनमधल्या. आपल्या गावच्या नळाच्या पाण्याचा चहा म्हणजे भिंतीचा चुना. एकहार्ट म्हणायचा."

ती खुर्चीवर बसली. बसायला सांगावे लागते अशातली ती आहे. त्या दिवशी आपणहून बसली.

"पाण्यात थॅलियम आहे, बाई."

मी हसले. "नळी धुतली नसशील."

"तीनदा केलं. दुसऱ्या नळीत केलं. शेजारच्या गिऱ्हाइकाचं पाणी घालून पाहिलं, त्यात नाही. तुमच्यातच आहे."

थॅलियम म्हणजे काय हे या कागदाच्या वाचकाला माहीत असायला हवे. हा धातू आहे. त्याला चव नाही, वास नाही. पूर्वी उंदरांच्या औषधात घालत. आता ते विकायला बंदी आहे. टाकीच्या पाण्यात तो आपोआप येत नाही.

आम्ही दोघींनी मग एकेक गोष्ट बाजूला काढली. मिठात नव्हता. नळाच्या पाण्यात नव्हता. गाळणीतून थेंब थेंब उतरणाऱ्या पाण्यात नव्हता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते पाणी साठवायचा जो कॅन असतो, त्यात होता, आणि टाकीत होता त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे गाळणी आणि माझी किटली यांच्या मध्ये कोणाचा तरी हात होता.

माझ्या घराच्या किल्ल्या तिघांकडे आहेत. मी, वरच्या मजल्यावर राहणारा फोल्कमार, आणि त्याची बायको बिर्टे.

३. श्री. क्विरिन श्टाडलबाउअर, आउग्सबुर्ग, यांना मी काहीही देत नाही. हे मुद्दाम लिहीत आहे. या गृहस्थांची प्रयोगशाळा आमच्याशी वर्षानुवर्षे स्पर्धा करते. झिंडेलफिंगेनच्या प्रदर्शनात, भरल्या मंडपात, माझ्या आयोडीनच्या आकड्यांबद्दल ते म्हणाले होते, "वायडनकांपबाईंचा आकडा म्हणजे हवामानाचा अंदाज. छत्री बरोबर ठेवावी." लोक हसले होते. ते हसणे मी विसरले नाही.

पण माझ्या पाण्याचा निकाल माझ्याच प्रयोगशाळेचा, म्हणून तो कोणी धरणार नाही, हे एमिनेच्या लक्षात आले. तिने कॅनमधले आणि टाकीतले पाणी त्यांच्याकडे पाठवले, नाव न सांगता. श्टाडलबाउअर स्वतः गाडी चालवत इझरलोनला आले. कोट न काढता दारातच म्हणाले,

"नाव लिहिलं नव्हतंत, पण टाकीच्या पाण्यातलं मीठ ओळखलं. एकहार्टचंच मिश्रण ना? बाई, या वेळी तुमचा आकडा बरोबर आहे. चुकला असता तर बरं झालं असतं."

मी सोफ्यावर होते. उभे राहणे जमत नव्हते. त्यांनी मला कोट घातला आणि डॉ. हेलवेग यांच्या दवाखान्यात नेले. वाटेत आमचे आयोडीनवरून भांडण झाले. त्यांना या मृत्युपत्रात काही ठेवावे असे माझ्या मनात होते. ते म्हणाले, "ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार होऊ शकतो. मला साक्षीदार करा." तेव्हा खाली त्यांची सही आहे.

४. माझ्या आजाराबद्दल जे सिद्ध आहे तेवढेच लिहिते. माझ्या रक्तात आणि लघवीत थॅलियम सापडले. हा धातू शरीराबाहेर काढणाऱ्या निळ्या कॅप्सूल मला देण्यात आल्या आणि मी वाचले. हातापायांचे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत.

पोलिस घरी गेले तेव्हा स्वयंपाकघरात नवा कॅन होता. बिर्टे त्यांना म्हणाली, "जुना गळत होता. फेकला. सासूबाई दवाखान्यात, मग घर कोणी बघायचं?" बागेतल्या शेडमध्ये एकहार्टच्या वडिलांच्या काळातले डबे असत, त्यात उंदरांच्या औषधाचाही एक. शेड झाडून, आतून पांढऱ्या रंगाने रंगवून झाली होती. हिवाळ्यात. पोलिसांनी रंगाचे कौतुक केले असे समोरच्या प्रिंत्सबाई सांगतात. आमच्या बाटल्यांतले पाणी आम्हीच भरलेले, म्हणून त्याचा पुरावा होत नाही. चौकशी बंद झाल्याचे पत्र आले आहे. माझ्या वकिलाने बजावले आहे की मी या कागदात कोणाचेही नाव घेऊन आरोप करू नये. मी करत नाही.

५. माझा चहाचा निळा संच डॉ. हेलवेग यांच्या परिचारिकांना द्यावा. त्यांनी माझे केस गेलेले डोके रोज पुसले आणि एकदाही आरशाचा विषय काढला नाही.

६. आता फोल्कमार.

तो मला आई म्हणत नाही, हिल्ट्रूड म्हणतो. मी या घरात आले तेव्हा तो मिशा फुटलेला मुलगा होता आणि माझ्याशी वर्षभर बोलला नव्हता. पुढे एकहार्ट गेल्यावर रोज कामावरून येताना खाली थांबायचा, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एक कप चहा प्यायचा आणि मग वर जायचा. बिर्टेला हे ठाऊक होते की नव्हते, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. दोन्ही उत्तरे ऐकवत नाहीत.

दवाखान्यात तो मला भेटायला आला तेव्हा लोकरीची टोपी घालून बसला होता.

"टोपी काढ," मी म्हटले.

"थंडी आहे."

"इथे? खिडकीसुद्धा उघडत नाही इथे. काढ."

त्याने काढली. मग बराच वेळ हातात फिरवत राहिला.

"वय झालं, हिल्ट्रूड. सगळ्यांचे केस जातात."

"तुझे बाबा गेले तेव्हा त्यांचा भांग पाडायला मला दोन कंगवे लागले होते. तुझे पाय दुखतात?"

त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"फोल्कमार, रक्त दे. खाली प्रयोगशाळा आहे, आत्ता दे."

"आणि मग? निघालं तर मी काय करायचं? घरी जाऊन तिला काय विचारायचं?" त्याचा आवाज चढला. "तिने माझ्या आजारी आईची घाण काढली आहे. तू नाही. तिने."

हे खरे होते. एकहार्टपासून वेगळी राहणारी त्याची सख्खी आई शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा बिर्टेनेच तिचे सगळे केले होते. त्याने रक्त दिले. निघाले. माझ्याइतके नाही, पण निघाले. त्याने कॅप्सूल घेतल्या, डब्यावरचे औषधाचे नाव खरवडून काढले, आणि घरी गेला. तिच्याकडेच. पोलिसांना त्याने सांगितले की आपल्याला काही माहीत नाही, आणि स्वतःचा निकाल दाखवायला नकार दिला.

मी त्याच्यावर रागावले. रागावून झाल्यावर घाबरले. मी आता प्रयोगशाळेच्या वरच्या खोलीत राहते, माझे पाणी एमिने आणते. पण जुन्या मृत्युपत्रानुसार माझ्यामागे घर त्याचे होते, आणि त्याच्यामागे ते त्याच्या बायकोचे. बिर्टेला समुद्राकाठी राहायला जायचे आहे, हे तिने कधी लपवले नाही. "एवढं मोठं घर, आणि त्यात एक बाई मासे सांभाळते," असे ती जेवताना म्हणायची, आणि आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

त्याला मी त्या घरातून ओढून काढू शकत नाही. तो पन्नाशीचा आहे. म्हणून पुढीलप्रमाणे लिहून ठेवते.

माझे घर, बागेसह आणि त्या पांढऱ्या शेडसह, फोल्कमारला राहण्यासाठी द्यावे, मालकीने नव्हे. तो जिवंत असेपर्यंत त्याला तिथून कोणी हलवू शकणार नाही. माझ्या बँकेतल्या शिलकीतून त्याला दरमहा खर्चाला मिळेल, तो जिवंत असेपर्यंत. घर विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, हक्क दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही. त्याच्या मृत्यूनंतर, तो कोणत्याही कारणाने झालेला असो, घर आणि उरलेली रक्कम त्याच महिन्यात प्रवाळांच्या संशोधनासाठी विद्यापीठाकडे जाईल. त्याच्या पत्नीस यातून काहीही मिळणार नाही. एक खुर्चीही नाही. तो तिच्याआधी गेला तर तिने घर रिकामे करावे.

तो जगला तरच तिला डोक्यावर छप्पर आहे. हे एवढे साधे आहे.

या तरतुदीचा मसुदा मी नाताळाआधी नोटरींच्या कचेरीत दोघांनाही बोलावून वाचायला लावला. नोटरींनी तो सावकाश वाचला. फोल्कमार खाली बघत होता. त्याला कळले होते की मी त्याला काय देते आहे, आणि ते घेण्याची त्याला लाज वाटत होती. बिर्टे सरळ बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने एकच विचारले.

"अपघात झाला तरी?"

"अपघात झाला तरी," नोटरी म्हणाले.

"आजारपणात गेला तर?"

"तरीही, बाई. कारण काहीही असो."

तिने मान हलवली, हातमोजे चढवले. मग फोल्कमारकडे वळून त्याचा मफलर नीट केला, गळ्याशी गाठ मारली आणि वरून थोपटली. मी तिचे हात बघत होते.

प्रिंत्सबाई सांगतात की आता ती त्याला डॉक्टरकडे स्वतः घेऊन जाते. त्याला जड उचलू देत नाही. बर्फ पडला की तो उठायच्या आत पायऱ्यांवर मीठ टाकते, तो घसरू नये म्हणून. गल्लीत सगळे म्हणतात, बायको असावी तर अशी.

असू दे. त्याने जगावे, कोणत्या का कारणाने होईना.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी एमिने काराताश हिने करावी. मूळ कागद न्यायालयात ठेवावा. एक प्रत फोल्कमारला द्यावी. एक प्रत बिर्टेला द्यावी, आणि ती दरवर्षी नव्याने, नोंदणीकृत टपालाने, तिच्या हातात पडेल अशी व्यवस्था करावी.

वरील सर्व मी वाचले, ते माझेच आहे, आणि त्यातला शब्दही कोणी माझ्या तोंडी घातलेला नाही.

इझरलोन, ९ फेब्रुवारी २०२४

(सही) हिल्ट्रूड वायडनकांप

आमच्या समक्ष सही केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या.

साक्षीदार:
(सही) डॉ. रोसविटा हेलवेग, इझरलोन
(सही) क्विरिन श्टाडलबाउअर, आउग्सबुर्ग