पेनिसिलिन चालत नाही

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवलं नसशील, असं धरून लिहिते. एक गोष्ट विचारायची आहे आणि ती आता फक्त तुलाच ठाऊक असणार. लहानपणी मला पेनिसिलिनचं औषध दिल्यावर नेमकं काय झालं होतं? फोनवर विचारता आलं असतं. पण आई गेल्यापासून आपलं फोनवरचं बोलणं ‘बरी आहेस ना’ आणि ‘हो, तू?’ एवढ्यातच आटपतं. त्यात हा प्रश्न कुठे बसवायचा ते मला कळेना.

सुरुवात वर्गात झाली. नर्सिंगच्या मुलींना मी दर वर्षी अँटिबायोटिक्स शिकवते. नावं ऐकूनच त्या धास्तावतात, म्हणून मी घराणी करून सांगते. पेनिसिलिन हे थोरलं घर. घशाच्या आणि कातडीच्या कितीतरी दुखण्यांत अजूनही पहिला मान त्याचा. सेफॅलोस्पोरिन ही त्याची चुलत भावंडं, म्हणून एका घराशी बिनसलं असेल तर दुसऱ्याच्या दारातही जपून पाऊल टाकायचं. जेंटामायसिनच्या घरचे कामाला वाघ, पण मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास देऊ शकतात. लघवी नीट होते का, कानात आवाज येतो का, ते विचारत राहायचं. टेट्रासायक्लिन लहान मुलांना आणि गरोदर बाईला शक्यतो द्यायचं नाही, मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतात. व्हँकोमायसिन घाईघाईने शिरेत सोडलं तर माणसाचा चेहरा नि मान लालबुंद होते. त्याला सावकाशच आत येऊ द्यायचं. मुली हसतात, वहीत या भाऊबंदांची चित्रं काढतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात.

त्याच तासाला मी एक गोष्ट बजावते. रुग्ण म्हणाला, ‘मला अमुक औषध चालत नाही’, तर तेवढंच लिहून मोकळं व्हायचं नाही. काय झालं होतं ते विचारायचं. पोट बिघडलं, की पुरळ आलं, की ओठ सुजले, श्वास अडकला? नुसतं पोट बिघडणं म्हणजे सहसा ॲलर्जी नव्हे. आणि श्वास अडकला असेल तर ते औषध त्याच्या जवळही न्यायचं नाही. उदाहरण म्हणून मी माझंच देते, मला पेनिसिलिन चालत नाही. या वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली, जिला सगळ्या शंकासुर म्हणतात. म्हणाली, “मग मॅडम, तुम्हाला काय झालं होतं?” मी “आई सांगायची,” एवढंच म्हणाले. तर ती म्हणते, “एवढंच लिहिलं तर तुम्ही आमचे मार्क कापता की!” वर्ग खो-खो हसला. मीही हसले. पण तास संपल्यावर फळा पुसताना लक्षात आलं, की ज्यांना विचारायचं ते कोणी राहिलेलंच नाही. एक तू सोडलीस तर.

त्याच सुमारास माझा उजवा पाय घोट्यापासून वर लाल होऊन सुजला. कातडीखाली जंतू शिरले होते, आणि तेही दुसऱ्यांदा. दवाखान्यात राहावं लागलं. डॉक्टर म्हणाले, याला पेनिसिलिन उत्तम, पण तुमच्या केसपेपरवर तर लाल अक्षरांत नकार आहे. मग दुसरं दिलं. त्याने पाय उतरला, पण पोटात अन्न ठरेना. हे दुखणं पुन्हा उलटू शकतं, तेव्हा एकदा शहानिशा करून टाकू, घरात कुणाला तेव्हाचं आठवतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बहीण आहे, विचारते. म्हणताना बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, आपण हे खरं बोललो ना? भेटायच्या वेळेला शेजारच्या खाटेभोवती माणसांची दाटी व्हायची. त्या घरच्या सूनबाई एकदा माझ्या खुर्चीला हात लावून म्हणाल्या, “तुमच्याकडे कोणी यायचं नाहीये ना?” अगदी साधेपणाने. मी म्हटलं, न्या.

मला आठवतं ते असं. पडदा ओढलेला, चमच्यात गुलाबी गोड औषध, माझं पोट उघडं, आणि तू वाकून म्हणतेयस, “बारके, तुझ्या पोटावर नकाशा उमटलाय, हा बघ समुद्र.” पण हे मला खरंच आठवतं, की तू नंतर कधीतरी सांगितलंस म्हणून दिसतं, ते ठरवता येत नाही. रोजनिशीत दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या आहेत, तू हसशील. आईच्या सांगण्यात तर दर वेळी भर पडायची. पुरळाची सूज झाली, सुजेचं ‘पोर हातची गेली होती’ झालं. कुठल्याही दवाखान्यात पाऊल टाकलं की डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत तिचं सुरू, “हिला पेनिसिलिन चालत नाही हं!” मी चाळिशी ओलांडली तरी.

तिच्या शेवटच्या आजारात तू उशाशी होतीस आणि मी नाडी, ताप, औषधांच्या वेळा विचारत होते. तू म्हणालीस, “तुला पेशंट दिसतो गं, आई दिसत नाही.” त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मी विचारत होते ते बरोबर होतं, आणि तू चिडलीस तेही बरोबर होतं, याच्यापुढे मला जाता आलेलं नाही.

आता खरं ते लिहिते. तपासणी होऊन गेली आहे. आधी हातावर टोचून पाहिलं, मग समोर बसवून थोडं थोडं औषध दिलं. काही झालं नाही. साधी खाजसुद्धा नाही. मला पेनिसिलिन चालतं. तेव्हाचं पुरळ बहुधा तापाचंच असेल. डॉक्टरांनी लाल अक्षरांवर आडवी रेघ मारून सही केली आणि अभिनंदन केलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण आई माझ्याबद्दल जगाला सांगत फिरायची, त्यातलं कुठेतरी लेखी उरलेलं ते एकच वाक्य होतं. आता माझ्या लहानपणाबद्दल मला कोणीच काही विचारणार नाही. म्हणजे तुझं उत्तर डॉक्टरांना नकोय, ताई, मलाच हवंय. मी रडले का, आई घाबरली तेव्हा तिला कोणी सावरलं, रात्री मी कुणाच्या कुशीत होते, सगळं लिही. लिहायचा कंटाळा आला तर ये. माझ्याकडे खाट एकच आहे, मी खाली झोपेन.

तुझीच,
बारकी