शेवटच्या बांधीचं पाणी

९ सप्टेंबर २०२५
प्राचार्यांचं फर्मान — दोन विषयांनी मिळून केलेलं संशोधन दाखवा, परिसंवाद आहे! "चंद्रकांता मॅडम, तुमचा दिघोरीच्या तलावावरचा लेख आहे ना?"
आहे. पण त्यावर नाव माझं एकटीचं. अर्थशास्त्र तेवढं छापलं, तत्त्वज्ञान गेलं.

११ सप्टेंबर
दिवसभर दिघोरीच डोळ्यांपुढे. बावीस वर्षं झाली! मी नवी, कंत्राटी. भैय्याजी सर तत्त्वज्ञानाचे, कायम नोकरीत. दर रविवारी त्यांच्या स्कूटरवरून तलाव गाठायचा. तिथे धानाला पाणी सोडताना सगळ्यांत शेवटच्या बांधीला, म्हणजे तलावापासून सर्वांत लांबच्या खाचराला, आधी द्यायचे. मी हिशेब मांडला — लांब नेताना पाणी जिरतं, हा शुद्ध तोटा! सर हसायचे. "तुमच्या अर्थशास्त्रातला मानूस जेवते, पन कोनाले वाढत नाही." वाद स्टाफरूमपर्यंत यायचा, चहा निवून जायचा. किती मजा होती त्या भांडणात! आता जो तो आपापल्या विषयाचं दार लावून बसलेला.

शेवटी पाणी सोडणाऱ्या तेजरामलाच विचारलं — असं काहून? फावडं टेकवून म्हणाला, "वरच्याले पानी दिसते, मॅडम. तो थांबू शकते. खालच्याले दिसतच नाही." मी ते वहीत घेतलंच नाही. आकडा नव्हता ना त्यात! सरांनी त्या एका वाक्यावर वीस पानं लिहिली.

१२ सप्टेंबर
लिहूनच टाकते. लेख आम्ही दोघांच्या नावाने पाठवला होता. त्यावर संपादकांचं पत्र आलं होतं — तत्त्वज्ञानाचा भाग आणि दुसरं नाव गाळतो, चालेल? मी 'चालेल' कळवलं. सरांना विचारलंसुद्धा नाही. त्याच लेखावर नोकरी पक्की झाली. अंक हातात घेऊन सर म्हणाले, "बेस झालं!" मी दोन महिने त्यांच्या टेबलाकडे फिरकले नाही. मग ते वाद कायमचेच थांबले.

१४ सप्टेंबर, रविवार
कोंढ्याला जाऊन आले. निवृत्त झाल्यापासून सर तिथेच शेती बघतात. बांधावरच भेटले. वाकलेत आता. "या मॅडम! एवढ्या उनात कायले आलात?" माफी मागितली, रडूच आलं. ती वीस पानं द्या, म्हटलं, या वेळी तुमचं नाव आधी घालते. सर घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नीने, रुखमिणीवहिनींनी, पेटीतून पिशवी आणून दिली. निघताना सर एवढंच म्हणाले, "माफी कायची? सारं वाचा, मंग बोलू."

१५ सप्टेंबर
वीस पानांच्या खाली एक कार्बन प्रत. सरांनी संपादकांना लिहिलेलं पत्र — मला आलेल्या पत्राच्या आठ दिवस आधीचं. "माझा भाग व नाव काढावे. मॅडमची नोकरी पक्की व्हायची आहे. हे मी सुचवले, असे त्यांना कळू देऊ नये."
आणि मी समजत होते, मीच त्यांचं हिरावलं!
सर कायम होते. त्यांना पाणी दिसत होतं, म्हणून ते थांबले.