भिंत आता स्वतःच आंघोळ करते

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला आठही अंगं जमिनीला टेकावी लागतात. आजवर दोराला लटकलेलो असल्यामुळे माझे तुम्हाला घातलेले सगळे नमस्कार तसे अर्धवटच होते. हल्ली मी दिवसभर जमिनीवरच असतो, तेव्हा हा पूर्ण धरावा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला गेला, की अजून त्यांच्या मागे मागे रोपवाटिकेत फिरतोय? यंदा गिऱ्हाईक बरं आहे ना? इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे तुमची भाचेसून बरी आहे, लेक बरी आहे आणि आमची इमारत तर इतकी बरी आहे की विचारू नका. माझं काय ते ओघाने येईलच. घाई नाही, मला आता कशाचीच घाई नसते.

मी विमा कंपनीची इमारत धुतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. (धुतो म्हणायची सवय आहे, धुवायचो असं वाचावं.) ती तुम्ही एकदाच पाहिलीत, तेही खालून, आणि मी वर लटकलेला दिसताच डोळे मिटून घेतलेत, म्हणून सांगतो. सात मजली, उघड्या काँक्रीटची, ऐन हमरस्त्यावर. समोरून दिवसभर ट्रक जातात आणि प्रत्येक ट्रक आपल्या परीने भिंतीला काहीतरी देऊन जातो. खिडकीखाली काळे ओघळ, कोपऱ्यात शेवाळ, पन्हाळीखाली तर असा राप, की नखाने खरवडला तरी निघू नये. मी डावीकडून धुवायला सुरुवात करायचो आणि उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडे पुन्हा काळं झालेलं असायचं. लोक अशा कामाला कंटाळतात. मला त्याचा फार आधार वाटायचा हो. जोवर ट्रक आहेत तोवर आपण आहोत, असं मी धरून चाललो होतो, आणि ट्रक तर वाढतच होते!

मग एक इंजिनिअरबाई आल्या. बाई गोड, मला अहोजाहो करायच्या, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. त्यांनी काँक्रीटची एक लादी आणली, अर्ध्या लादीला पाण्यासारखा कसलातरी लेप दिला, वर शाई ओतली आणि लादी गच्चीवर उन्हात ठेवून दिली. काही दिवसांनी बघतो तर लेपाच्या अर्ध्यावरची शाई पार उडालेली आणि दुसऱ्या अर्ध्यावर जशीच्या तशी बसलेली. त्यांनी समजावलं ते असं, की या लेपात टायटॅनियमची बारीक पूड असते, तिच्यावर ऊन पडलं की ती मळ हळूहळू खाऊन टाकते, आणि पाऊस पडला की थेंब न होता पाण्याचा पातळ पडदा भिंतीवरून उतरतो आणि उरलंसुरलं घेऊन जातो. थोडक्यात, भिंत स्वतःच आंघोळ करते. मी विचारलं, आणि साबण? त्या हसल्या. मी हसायला विचारलं नव्हतं. तरी शेवटचा प्रयत्न म्हणून याला काही खोट नाही का, असंही विचारलं, तर म्हणाल्या की ऊन मात्र लागतं, सावलीत हा लेप झोपून जातो. पण आमची इमारत दोन्ही बाजूंनी उन्हात तळणारी, समोर साधं झुडूपही नाही, म्हणजे झोपायचा प्रश्नच नव्हता.

आता खरी गंमत ऐका. लेप लावायचा तर भिंत आधी लख्ख धुतलेली हवी, कणभरही मळ राहिला तर लेप धरत नाही आणि पापुद्रे सुटतात, असं बाईंनी बजावलं होतं. धुवायचं कोणी? आम्हीच. पुढची बाजू माझ्याकडे आली, मागची माझ्या जोडीदाराकडे. त्याला आम्ही घोरपड म्हणतो. (भिंतीला चिकटतो म्हणून नव्हे, चहाच्या टपरीवरच्या बाकाला चिकटतो म्हणून.) आणि मामा, मी ती भिंत अशी धुतली, अशी धुतली, की आयुष्यात कधी धुतली नसेल! खिडक्यांच्या वरचे काठ, जिथे खालून कुणाच्या बापाला दिसणार नाही, तेही ब्रशने घासले. सांध्यांत दात घासायचा ब्रश घातला. सातव्या मजल्यावर एक चष्मेवाल्या कारकूनबाई बसतात, त्या आतून काचेवर बोट ठेवून राहिलेला डाग दाखवायच्या. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ शोधलं आणि शेवटी हात जोडले. मी इतका खूश झालो की उतरताना शीळ घालत होतो. आपण कशाची तयारी करतोय हे डोक्यात होतं की नव्हतं? होतं. पण हातात ब्रश आला की मला दुसरं काही सुचत नाही. तुमच्या भाचेसुनेने हे ऐकल्यावर कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "जन्मात एकदा तरी अंगचोरपणा करायला काय झालं होतं तुम्हाला?"

कारण घोरपडीने तो केला. त्याने मागची बाजू वरवर ओली केली, दोनदा फडका हलवला आणि बाकावर जाऊन बसला. परिणाम असा, की पुढच्या बाजूला लेप असा बसलाय जणू भिंत तो घेऊनच जन्मली, आणि मागच्या बाजूचा पापुद्रे होऊन उडून गेला. मागे कोण बघतंय म्हणून विमा कंपनीने पुन्हा लेप द्यायचा खर्च केला नाही, आणि मागची भिंत पहिल्यासारखीच काळी पडते. मग ती धुवायला कायमचा माणूस हवाच की नाही? त्यांनी घोरपडीला कायम केलं! आता तो मला मागच्या बाजूला बोलावून चहा पाजतो आणि भिंत किती लवकर घाण होते म्हणून माझ्यापाशी कुरकुर करतो. मी चहा पितो. चहा चांगला असतो.

तशी माझी अगदीच उपेक्षा झाली असं म्हणता येणार नाही. लेपवाल्या कंपनीने माझा फोटो काढला. दोराला लटकलेला, हातात ब्रश, तोंडभर हसू (हसा म्हणाले म्हणून हसलो). तो मोठा करून दाराशीच लावलाय. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'धुण्याला आता कायमचा निरोप'. रोज सकाळी मी त्याखालून आत जातो. नवीन आलेला पहारेकरी एकदा फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघून अतिशय हळू आवाजात म्हणाला, "तुमचे भाऊ का?" बिचाऱ्याला वाटलं, निरोप म्हणजे तो निरोप. मी हो म्हणालो. कोण समजावत बसणार!

आता पुढचं जरा लाजिरवाणं आहे, मामींना वाचून दाखवू नका. मी रोज सकाळी भिंतीवर डाग शोधतो. मध्यंतरी पाचव्या मजल्याच्या काठावर एका कावळ्याने कृपा केली. चांगला ठसठशीत, खालपर्यंत ओघळलेला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तो नीट खरवडायचा तर दोर लावायलाच हवा, म्हणून मी दोर गच्चीवर नेऊन ठेवला आणि मॅनेजरसाहेबांना कळवलं. ते म्हणाले, थांबा, बघू काय होतं. मी थांबलो. डाग दिवसेंदिवस फिका होत गेला, मग एक सर आली आणि उरलाही नाही. मी दोर खाली आणला. त्यानंतर एकदा, का कोण जाणे, माझ्याच कपातला चहा मी भिंतीवर भिरकावला. साहेब नेमके मागे उभे! मी म्हणालो, तपासतोय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं. चहाचा डागही गेलाच.

त्याच दिवशी साहेबांनी माझी सोय लावली. इमारतीपुढे मातीचा एक उघडा पट्टा आहे, तिथे थोडी हिरवळ करा, कुंड्यांना पाणी घाला, असं काम त्यांनी मला दिलं. माणूस चांगला आहे, दया आली त्याला. आता मी माळी आहे. तुम्ही इतकी वर्षं म्हणत होतात ना, की दोर सोड, मातीत ये? आलो बघा. हात मऊ पडलेत, नखांतली काजळी जाऊन माती आलीय. वर लटकलेलो असताना मला कुणी हाक मारू शकत नव्हतं आणि सगळे मला दिसत होते. खाली कुणीही हाक मारतं, आणि मी कुणालाच दिसत नाही. पण तक्रार नाही. जे झालं ते झालं. मी मनाची तयारी केली आहे, आणि झेपत नसेल तर सगळं आवरून तुमच्या रोपवाटिकेत येऊन राहीन म्हणतो.

मामींना नमस्कार. गुडघ्यांना शेक देत जा.

तुमचा जमिनीवर आलेला
भाचा

ता. क. येऊन राहीन म्हणालो ते मनावर घेऊ नका. पुढे काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं. मामींना खोली झाडायला लावू नका.

ता. क. दुसरा. त्या मातीच्या पट्ट्यासाठी साहेबांनी सांगितलंय, गुडघाभर उंचीची, फुलांची झुडपं आणा. तुम्ही तशी पाठवू नका. मला अशी झाडं हवीत जी उंच जातात, ज्यांची पानं दाट असतात आणि कधीच गळत नाहीत. भिंतीला लागूनच लावणार आहे. मुळं मात्र भिंतीत शिरणारी नकोत, इमारतीला इजा झालेली मला चालणार नाही, नुसती सावली हवी. साहेबांचा फोन आला तर झुडपंच आहेत म्हणून सांगा. इंजिनिअरबाईंचा आला तर उचलू नका.

ता. क. तिसरा. दोर मी अजून दर सोमवारी उन्हात घालतो आणि वीत वीत करून तपासतो. पण साठीनंतर दोरावर चढू देत नाहीत, आणि साठी काही फार लांब राहिलेली नाही. तेव्हा झाड सातव्या मजल्यापर्यंत जायला किती वर्षं लागतात ते कळवा. सातवा नसेल होत तर तिसऱ्यापर्यंतचं कळवा, तेवढी भिंत मला पुरे. तुमचा सगळा जन्म रोपांत गेला, तुम्हाला अचूक माहीत असणार. पण अचूक सांगू नका मामा. थोडं कमी करून सांगा.