एक जण येऊन गेला

प्रिय दादा,

फोन केला तर मीटिंगमध्ये असतोस, मेसेज केला तर अंगठा दाखवतोस. तुमच्या मोबाइलमध्ये त्याचा अर्थ 'बरं' असा होत असेल, पण आपल्या मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय ते तुलाही ठाऊक आहे. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. लहानपणी मला कटकट म्हणायचास ना, मग आज पोटभर ऐक.

बाबांची वेबसाइट अजून चालू आहे. म्हणजे बाबा ती चालवतात आणि ती मला पळवते. तू गेलास तेव्हा घरात एकच जुना कॉम्प्युटर होता, आता तीन झालेत. एक कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला, एक दवाखान्याने काढून टाकलेला आणि तिसरा भंगारवाल्याने गळ्यात मारलेला. बाबांनी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं ठेवलीत. आई त्यांना सवती म्हणते. तुझ्या खोलीत तिघींचा संसार मांडलाय, तुझ्या पलंगावर वायरींचं जंजाळ आहे, आणि तिघी मिळून अशा घरघरतात की पाहुणे विचारतात, आत पिठाची गिरणी घातली का. गीझर आणि इस्त्री एकदम लावली की फ्यूज उडतो आणि वेबसाइट आडवी होते. म्हणून माझी आंघोळ गार पाण्याची आणि कपडे चुरगळलेले. ऑफिसात पोचले की चहाच्या आधी मी साइट उघडून बघते. उघडली तर ठीक, नाही तर घरी फोन करून सांगायचं, बाबा, धाकटीचं बटण दाबा. मी नोकरी नक्की कुणाची करते तेच मला कळेनासं झालंय.

एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवा, किरकोळ भाडं पडतं, हे तू सांगितलंस, मीही सांगून थकले. त्यांचं उत्तर ठरलेलं. जन्म भाड्याच्या घरात गेला, निदान वेबसाइट तरी स्वतःच्या घरात राहू दे. ती ज्या घरात राहते तेही भाड्याचंच आहे, हे ओठांवर येतं आणि मी गिळते.

साइटवर असतं काय, तर जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केली त्याचं सगळं शहाणपण. दोरा का तुटतो, टाका का सुटतो, बॉबिन कशी भरायची. पण मध्येच एखादं वाक्य भलत्याच गल्लीत शिरतं. परवा बाबा पायमशीनच्या पट्ट्याबद्दल छान लिहीत होते आणि खाली हे: 'या पट्ट्यात बोट अडकलं तेव्हा ज्याला मी आधी ओरडलो आणि मग जवळ घेतलं, त्याने हा भाग जरूर वाचावा.' आता शिंप्यांनी याचं काय करायचं, सांग.

तुझं नि बाबांचं भांडण पहिल्या डबड्यावरूनच सुरू झालं होतं. तू म्हणालास, "बाबा, हे भंगार आहे. आणि तुमचं वाचणार कोण?" भंगार म्हणालास ते त्यांनी कधीच सोडून दिलं. दुसरं सोडलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी पानाच्या तळाशी आकडा बसवला, किती जण येऊन गेले त्याचा. घरून उघडलं तर तो हलत नाही, घरच्यांनी वाचलं त्यात काय कौतुक, असा त्यांचा नियम. इंटरनेटवर आपोआप फिरणारी कंपन्यांची यंत्रं साइटवर येऊन वास काढून जातात, तीही ते वजा करतात. दुकानात नुसतं डोकावणारा गिऱ्हाईक नसतो म्हणे. एवढं सगळं गाळून रोज सकाळी आदल्या दिवसाचा खराखुरा एक जण उरायचा. 'एक जण येऊन गेला,' असं आईला सांगत ते मजेत नाश्ता करायचे. हा एक जण रविवारी मात्र येत नसे.

आता ताजा प्रताप. गेल्या महिन्यात मधलीचा पंखा कुरकुरायला लागला. बाबांना कुरकुर म्हटलं की एकच औषध माहीत. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि पंख्याला तेल पाजलं, मशीनला पाजतात तसं, चांगलं सढळ हाताने. तेल सगळीकडे ओघळलं आणि मधली गेली. तिच्या पोटातली डिस्क काढून थोरलीत बसवण्यात माझी आठवडाभराची रजा गेली. मी चिडचिड करत होते, बाबा बॅटरी धरून उभे होते. उजेड सगळीकडे पडे, फक्त स्क्रूवर नाही. मी ओरडले, एवढी काय घाई आहे, कोण अडलंय? तर अगदी हळू म्हणाले, "अगं, दादा रोज येतो ना. दार बंद बघून माणूस एकदा परत जाईल, दोनदा जाईल. मग यायचाच बंद होईल."

दादा, माझ्या हातातला स्क्रू पडला. रविवारी न येणारा, चहाच्या आधी येणारा तो एक जण मी होते. त्यांनी इतक्या काळजीने गाळून उरवलेला माणूस म्हणजे धाकटी जिवंत आहे का बघणारी त्यांची मुलगी. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्यावर राग आला, त्याहून जास्त तुझा आला, कारण माझ्याखेरीज कुणी आलंच नव्हतं, म्हणजे तू एकदाही आला नव्हतास. मी स्क्रू शोधायच्या निमित्ताने बराच वेळ पलंगाखाली राहिले.

साइट आता धडधाकट चालते आहे. सवतींवर नजर ठेवायचं काम आईने घेतलंय, बटण तीच दाबते. आणि सोमवारपासून मी ऑफिसातून साइट उघडणं बंद केलंय. तेव्हापासून आकडा जागचा हललेला नाही. बाबा रोज सकाळी बघतात, 'कामात असेल' म्हणतात आणि नाश्ता अर्धा ठेवून उठतात. हे त्यांना फार दिवस बघवणार नाही आणि मलाही नाही. साइटचा पत्ता तुला पाठ आहे, तूच त्यांना घेऊन दिलेला. मला उत्तर पाठवू नकोस, अंगठा तर नकोच. आता तो आकडा एकाने वाढला, तर तो तूच असशील.

तुझीच,
कटकट